मार्कस ते मार्टिन : एका नामकुळाची कथा

(हीरकमहोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



घरात बाळ जन्माला आले की बारशाच्या आधीच नावांची यादी तयार होते. एके काळी ती आजीच्या तोंडी असे. पुढे ती नावांच्या पुस्तकातून येऊ लागली. आता ती मोबाइलवर उतरते. प्रत्येक नावापुढे त्याचा अर्थ एका शब्दात दिलेला असतो. तो शब्द मनाला भावला तर नाव पसंत पडते, नाही भावला तर त्यावर काट मारली जाते. इतक्या मोठ्या निर्णयाचा भार त्या एका शब्दावर टाकावा का, हा आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे. उदाहरणासाठी मुद्दाम एक परके नामकुळ निवडले आहे. परदेशी स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांची नातवंडे ज्या वर्गांत शिकतात, तेथे शेजारच्या बाकावर मार्क, मार्को, मार्सेल किंवा मार्टिन बसलेला असतो. यांतले कोणतेही नाव यादीत पाहावे. पुढे ‘युद्धप्रिय’ किंवा ‘युद्धदेवाचा’ असाच अर्थ छापलेला आढळेल. तो चुकीचा नाही, पण त्यावर थांबणाऱ्याच्या हाती फार थोडे लागते.

या कुळाचा मूळ पुरुष म्हणजे लॅटिन ‘मार्कस’. रोमन देव मार्स याच्या नावावरून हे नाव आले, असे बहुतेक भाषाभ्यासक मानतात. मार्च महिनाही याच देवाचा. जुने रोमन वर्ष मार्चपासून सुरू होई. म्हणूनच आज नववा असलेला सप्टेंबर नावाने ‘सातवा’ आहे. मार्चमध्ये जन्मलेल्या मुलाला मार्कस म्हणत असावेत, असाही एक तर्क आहे.

रोमन लोक मुलाचे नाव नवव्या दिवशी ठेवीत आणि मुलीचे आठव्या दिवशी. आपल्या बारशापेक्षा त्यांना जरा घाईच होती. मात्र नावांच्या बाबतीत ते विलक्षण कृपण होते. प्रजासत्ताकाच्या उत्तरकाळात मुलांसाठी सर्रास वापरात असलेली नावे वीसच्या आसपास होती. ती इतकी ठरलेली, की शिलालेखावर पूर्ण नाव कोरण्याचीही गरज नसे; नुसते ‘एम’ हे अक्षर दिसले की वाचणारा मार्कस समजे. मार्कस टुलियस सिसेरो या नावात मार्कस हे स्वतःचे, टुलियस हे कुळाचे आणि सिसेरो हे घराण्याच्या शाखेचे नाव. मराठी माणसाला ही मांडणी परकी वाटू नये. सिसेरो या शब्दाच्या मुळाशी तर हरभरा आहे! भोपळे आणि दोडके ही आडनावे ज्या भाषेत सन्मानाने नांदतात, तिला याचे हसू यायचे कारण नाही. पण रोममध्ये हसणारे होते. तरुण सिसेरो राजकारणात उतरला तेव्हा मित्रांनी त्याला हे नाव टाकून देण्याचा सल्ला दिला. मोठमोठ्या घराण्यांच्या नावांपेक्षा हेच नाव उजळ करून दाखवीन, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिल्याचे प्लुटार्क हा चरित्रकार सांगतो. पुढच्या दोन हजार वर्षांत सिसेरो म्हटल्यावर वक्तृत्व आठवते. हरभरा आठवणारे शोधावे लागतात.

आता त्या ‘युद्धदेवा’कडे वळू. मार्स हा सैनिकांचा देव होताच, परंतु तेवढाच नव्हता. इसवी सनापूर्वी २३४ ते १४९ या काळात होऊन गेलेल्या केटोने शेतीवर एक ग्रंथ लिहिला. लॅटिन गद्यातील संपूर्ण स्वरूपात उरलेला हा सर्वांत जुना ग्रंथ मानला जातो. केटोचेही पहिले नाव मार्कसच. डुक्कर, मेंढा आणि बैल यांना शेताभोवती फिरवून बळी देताना म्हणावयाची प्रार्थना त्याने या ग्रंथात दिली आहे. ती मार्सला ‘पिता’ म्हणून संबोधते. दिसणारी आणि न दिसणारी रोगराई दूर राहो, अवर्षण व अवकाळी टळो, धान्य आणि द्राक्षवेली बहरोत, गुराखी आणि गुरे सुखरूप राहोत, घरातल्या माणसांना आरोग्य लाभो, एवढेच तीत मागितले आहे. शत्रूचा संहार मागितलेला नाही. शेताच्या बांधावर उभा राहून पीक राखणारा हा देव आपल्या गावच्या क्षेत्रपालाच्या फार जवळचा वाटतो. नामकोशातल्या ‘युद्धप्रिय’ या शब्दात हा शेतकरी कुठेच दिसत नाही.

रोमन लोक ज्या ग्रहाला मार्स म्हणत, तो आपला मंगळ. मार्सचा वार तो मंगळवार. फ्रेंच ‘मार्दी’ आणि इटालियन ‘मार्तेदी’ या शब्दांत तो आजही शाबूत आहे. आपल्याकडे ज्योतिषात मंगळ उग्र, ग्रहांचा सेनापती. पुराणांत मात्र तो भूमीचा पुत्र, म्हणून भौम. पत्रिकेत ज्याचे नाव काढले की वधूपित्याच्या कपाळावर आठी पडते तो ग्रह आणि घरोघरच्या मंगलाताई, मंगलामावशी एकाच शब्दाच्या छायेत वर्षानुवर्षे सुखाने नांदत आहेत.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मार्स आणि ऋग्वेदातील मरुत हे एकच, असे एकोणिसाव्या शतकातील काही पंडितांनी सुचविले होते, आणि आजही ते कानाला गोड लागते. परंतु मार्सचे जुने रूप ‘मावोर्स’ असे आहे आणि ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांत ते मरुतांशी जुळत नाही. त्यामुळे बहुतेक अभ्यासकांनी हा विचार सोडून दिला आहे. याउलट सप्टेंबरमधला ‘सेप्टेम’ आणि आपला ‘सप्त’ हे खरोखरच सख्खे. भाषेतील नाती चेहरेपट्टीवरून ठरत नाहीत. कुळाचे कागद पाहावे लागतात.

मार्कस या नावाच्या इतिहासातील सर्वांत बोधक प्रकरण त्याच्या अर्थाशी नव्हे, त्याच्या बंदीशी संबंधित आहे. गॉल टोळ्यांनी रोमवर स्वारी केली तेव्हा कॅपिटोल टेकडीवरील हंसांच्या कलकलाटाने मार्कस मॅन्लियस जागा झाला आणि त्याने चढून येणाऱ्या शत्रूला लोटून दिले, ही कथा अनेकांना ठाऊक असेल. पुढची कथा तितकीशी सांगितली जात नाही. याच मॅन्लियसने पुढे कर्जात बुडालेल्या गरिबांची बाजू घेतली. त्याला राजा व्हायचे आहे असा आरोप त्याच्यावर आला आणि परंपरेनुसार इसवी सनापूर्वी ३८४ मध्ये त्याला कड्यावरून ढकलून मारण्यात आले. त्यानंतर मॅन्लियस कुळाने ठरविले, की आपल्यात यापुढे कोणाचेही नाव मार्कस ठेवायचे नाही.

साडेतीन शतकांनी हेच पुन्हा घडले, आणि या वेळी तर कथेतील बहुतेक पात्रे मार्कस होती. सीझरच्या वधानंतर मार्कस अँटोनियस, म्हणजे शेक्सपिअरमुळे सर्वांना परिचित असलेला अँटनी, सत्तेवर आला. मार्कस सिसेरोने त्याच्यावर घणाघाती भाषणे केली. इसवी सनापूर्वी ४३ मध्ये अँटनी, ऑक्टेव्हियन आणि मार्कस लेपिडस या तिघांनी मिळून वध्य माणसांची यादी काढली. तीत सिसेरोचे नाव होते. त्याचे मस्तक आणि ती भाषणे लिहिणारे हात रोमच्या सभाचौकातील व्यासपीठावर टांगण्यात आले. तेरा वर्षांनी पारडे फिरले. अँटनीचा पराभव झाला आणि इसवी सनापूर्वी ३० मध्ये ऑक्टेव्हियनने सिसेरोच्या मुलाला कॉन्सलपदी बसविले. त्या मुलाचेही नाव मार्कस. त्याच्याच कारकिर्दीत अँटनीचे पुतळे काढले गेले आणि अँटोनियस कुळातील कोणीही यापुढे मार्कस हे नाव धारण करू नये, असा ठराव झाला. पित्याच्या हत्येचा सूड एका मार्कसने दुसऱ्या मार्कसच्या नावावर उगवला. शब्द तोच, व्युत्पत्ती तीच. एका घरात ते नाव अभिमानाचे, दुसऱ्या घरात निषिद्ध.

आपल्याकडे असे ठराव झाले नाहीत, पण न लिहिलेली बंदी आहेच. दुर्योधन या शब्दाचा अर्थ ‘ज्याच्याशी लढणे कठीण असा’; अर्थाच्या कसोटीवर हे नाव एखाद्या वीराला शोभेल. तरी पाळण्यातल्या बाळाच्या कानात ते सांगायला कोणती आत्या सहज धजेल? बिभीषणाने तर न्यायाचा पक्ष घेतला, तरीही घर सोडून गेल्याचा ठपका त्याच्या नावाला चिकटला. नावापुढे छापलेला अर्थ एकीकडे राहतो आणि ज्याने ते नाव वागविले त्याचे चरित्र त्यावर बसत जाते.

याच रोममध्ये मुलींची काय स्थिती होती, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. मुलींना बहुधा स्वतंत्र नावच नसे. कुळाचे नाव स्त्रीलिंगी केले की काम भागे. टुलियस सिसेरोची मुलगी टुलिया. अँटनीच्या ऑक्टेव्हियाकडून झालेल्या दोघी मुलींचे नाव अँटोनियाच. एक थोरली अँटोनिया, दुसरी धाकटी. मार्कस जेथे राजकारणाचे हत्यार झाले होते, तेथे त्याच घरातील बहिणीला स्वतःचे म्हणावे असे एक अक्षरही मिळत नव्हते.

रोमला नावे ठेवण्याआधी महाराष्ट्राकडेही पाहिले पाहिजे. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगीच झाली म्हणून तिला ‘नकोशी’ असे नाव ठेवण्याची रीत फार जुनी नाही. ही मुलगी शाळेत येते, हजेरीत रोज तिच्या नावाचा पुकारा होतो, आणि दररोज ती त्याला ‘हजर’ म्हणते. येथे अर्थ पुसट झालेला नसतो. तो वर्गातल्या प्रत्येकाला कळतो. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. धोंडू, दगडू ही नावेही कानाला रुक्ष वाटतात, पण आधीची मुले दगावलेल्या आईने हे मूल तरी राहावे म्हणून मारलेली ती हाक असे. तिच्यात माया असे. नकोशीत ती नाही. नावाचा अर्थ धारण करणारा घडवितो हे जितके खरे, तितकेच हेही खरे, की काही नावे लहान खांद्यांवर ठेवूच नयेत.

मार्कसच्या वाटचालीला पुढे दोन वळणे मिळाली. एक सम्राट मार्कस ऑरेलियस याचे. कारकिर्दीची अखेरची वर्षे बहुतांशी डॅन्यूब नदीच्या सीमेवर युद्धात घालविलेल्या या सम्राटाने त्याच काळात स्वतःशी केलेले चिंतन ग्रीक भाषेत लिहून ठेवले. क्रोध आवरणे, मृत्यूचे भय न बाळगणे, दुसऱ्याच्या अपराधाने आपण बिघडू न देणे, हे त्याचे विषय.

दुसरे वळण अधिक दूरवर गेले. बायबलच्या नव्या करारात ‘योहान, ज्याला मार्कही म्हणत’ असा एक तरुण येतो. यहुदी घरातले नाव योहान आणि रोमन जगात वावरण्यासाठी मार्क. घरी एक आणि बाहेर एक अशी दोन नावे वागविणाऱ्या बृहन्महाराष्ट्रीय मुलांना त्याची अडचण चटकन कळेल. पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर तो धर्मप्रचाराला निघाला आणि अर्ध्या वाटेवरून यरुशलेमला परतला. पुढच्या प्रवासाच्या वेळी पौलाने त्याला सोबत नेण्यास ठाम नकार दिला. त्यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात एवढा वाद झाला, की दोघांनी वेगळ्या वाटा धरल्या. बर्णबाने मार्कला घेतले आणि तो सायप्रसला गेला. मात्र पौलाच्या नावावरील एका उत्तरकालीन पत्रात, मार्कला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे, असा निरोप आहे. एका अपयशावरून मुलाचा निकाल न लावणारा बर्णबासारखा कोणी भेटावा लागतो. चार शुभवर्तमानांपैकी सर्वांत लहान असलेले शुभवर्तमान परंपरेने याच मार्कच्या नावावर आहे, आणि ते चारांत सर्वांत आधीचे, असे बहुसंख्य अभ्यासकांचे मत आहे. आज जगभर मार्क हे नाव ठेवले जाते ते मुख्यतः याच्यामुळे. मार्स देवाची आठवण आईबापांच्या मनातही नसते.

मार्कने इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे चर्चची स्थापना केली, अशी परंपरा आहे. कॉप्टिक चर्चचे प्रमुख आजही त्याचे उत्तराधिकारी मानले जातात. ८२८ साली व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी त्याच्या अस्थी तेथून पळविल्या. तपासनीस जवळ येऊ नयेत म्हणून त्या डुकराच्या मांसाखाली लपविल्या होत्या, अशी कथा सांगतात. व्हेनिसच्या सेंट मार्क बॅसिलिकेतील भिंतचित्रांत ती रंगविलेलीही आहे. यातील काही अवशेष १९६८ मध्ये कैरोला परत देण्यात आले. व्हेनिसने मार्कला आपला रक्षक संत मानले, त्याचा पंख असलेला सिंह ध्वजावर घेतला, आणि शहरात मार्को नावाचा सुकाळ झाला. त्यांतलाच एक मार्को पोलो. तेराव्या शतकाच्या अखेरीस आशियातून परतलेल्या या प्रवाशाच्या वृत्तांतात ठाण्याच्या राज्याचेही वर्णन आहे. तेथील चामड्याचा व कापडाचा व्यापार त्याने नोंदविला. आणि समुद्रावरील चाच्यांशी राजाचा असा करार होता की लुटीतील घोडे राजाचे, बाकी माल त्यांचा, हेही लिहून ठेवले.

बाकी कुळाचा विस्तार थोडक्यात पाहता येईल. ग्रीक मार्कोस, अरबी मुर्कुस, पोलिश मारेक, फिनिश मार्कु ही सगळी एकाच घरची. मार्सेलस हे मार्कसचे लाडके, लहान रूप. मार्सेलस नावाच्या सेनापतीने इसवी सनापूर्वी २१२ मध्ये सिराक्यूज जिंकले तेव्हा त्याच्या एका सैनिकाच्या हातून आर्किमिडीज मारला गेला. फ्रेंच मार्सेल तेथूनच आला. बिनतारी संदेशाच्या मार्कोनीचे आडनाव म्हणजे ‘थोरला मार्को’. स्पॅनिश मार्केस म्हणजे मार्कोचा मुलगा, आणि गोव्यात व वसईत भेटणारे मार्टिन्स म्हणजे मार्टिनचा मुलगा.

तोतयेही पुष्कळ. पालक ज्यांच्यासाठी जीव टाकतात ते परीक्षेतले मार्क मार्सच्या घरचे नव्हेत. तो जर्मानिक कुळातील ‘सीमा, खूण’ या अर्थाचा शब्द. लेखक मार्क ट्वेनचे नावही त्याच घरचे. नदीवरील नावाडी दोन वाव खोल पाणी आहे अशी हाक देत, ती सॅम्युअल क्लेमेन्सने टोपणनाव म्हणून घेतली. मोहेंजोदडोच्या उत्खननाशी ज्यांचे नाव जोडले गेले त्या जॉन मार्शल यांच्या आडनावाचा मूळ अर्थ ‘घोड्यांचा चाकर’. आणि आपला चिरंजीव मार्कंडेय हा मृकंडू ऋषींचा पुत्र. त्याला रोमला नेण्याचा मोह टाळावा.

राहिला मार्टिन. मार्टिनस म्हणजे ‘मार्सचा’, मार्कसपेक्षाही उघड अर्थाचे नाव. चौथ्या शतकात आजच्या हंगेरीत जन्मलेल्या एका सैनिकपुत्राला ते मिळाले आणि रिवाजाप्रमाणे तोही सैन्यात गेला. आमियां शहराच्या वेशीजवळ ऐन थंडीत एक उघडा भिकारी त्याला दिसला. अंगावरच्या झग्याखेरीज द्यायला काही उरले नव्हते. त्याने तलवारीने झगा मधोमध कापला आणि अर्धा त्याला दिला. पुढे लढाईच्या तोंडावर त्याने शस्त्र धरण्यास नकार दिला. भित्रेपणाचा आरोप झाला तेव्हा, उद्या निःशस्त्र होऊन सैन्याच्या आघाडीला उभा राहतो, असे तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी शत्रूनेच तहाची बोलणी केली, असे त्याचा चरित्रकार लिहितो. पुढे तो तूर शहराचा बिशप झाला. त्याच्या झग्याचा तुकडा फ्रँक राजांनी जपून ठेवला. झग्याला ‘कापा’, त्याच्या लहान रूपाला ‘कापेला’, आणि तो जेथे ठेवीत त्या प्रार्थनास्थळालाही तेच नाव. आजचा ‘चॅपल’ हा शब्द त्या अर्ध्या झग्यातून आला आहे. ३९७ साली ११ नोव्हेंबरला मार्टिनचे दफन झाले. पहिल्या महायुद्धाचा युद्धविराम १९१८ मध्ये झाला तोही ११ नोव्हेंबरलाच.

हे नाव भारतातल्या शाळांवरही कोरलेले आहे. लियाँ शहरात १७३५ मध्ये जन्मलेला क्लोद मार्टिन फ्रेंचांचा सैनिक म्हणून भारतात आला, पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत मेजर जनरल झाला आणि १८०० साली लखनौला वारला. त्याने संपत्तीचा मोठा भाग शाळांसाठी ठेवला; लखनौ, कोलकाता आणि लियाँ येथील ला मार्टिनियर शाळा त्यातून उभ्या राहिल्या.

१० नोव्हेंबर १४८३ रोजी जर्मनीत एक मूल जन्मले. दुसऱ्या दिवशी, संत मार्टिनच्या सणाला, त्याचा बाप्तिस्मा झाला आणि रामनवमीच्या बाळाला राम म्हणावे तसे त्याला मार्टिन म्हटले गेले. तो मार्टिन ल्यूथर. पुढे अमेरिकेतील अटलांटा येथील मायकेल किंग हे धर्मोपदेशक १९३४ मध्ये जर्मनीला गेले. ल्यूथरच्या भूमीचा त्यांच्या मनावर एवढा ठसा उमटला, की परतल्यावर त्यांनी स्वतःचे आणि आपल्या पाच वर्षांच्या मुलाचे नाव बदलून मार्टिन ल्यूथर केले. मुलगा १५ जानेवारी १९२९ रोजी मायकेल म्हणून जन्मला होता. घरची माणसे त्याला ‘एम. एल.’ म्हणत. पुढे वर्णभेदाविरुद्ध अहिंसक लढा उभारणारे हेच मार्टिन ल्यूथर किंग १९५९ च्या फेब्रुवारीत पत्नी कोरेटा यांच्यासह भारतात आले. सुमारे महिनाभर ते गांधीजींच्या सहकाऱ्यांना भेटत देशभर हिंडले, आणि मुंबईत त्यांचा मुक्काम गांधीजी जेथे राहत त्या मणिभवनात होता.